माळ्यावरची बाग

१९८० साली न्यूयॉर्क शहराच्या पश्चिम अंगाला, रस्त्यापासून तीसेक फूट उंच बांधलेल्या एका लोहमार्गावरून शेवटची मालगाडी गेली. तीन डबे भरून गोठवलेल्या टर्की, एवढाच तिचा ऐवज. ज्या मार्गानं जवळजवळ अर्धं शतक शहराला दूध, मांस आणि बिस्किटं पुरवली, त्याचा निरोप समारंभ हा असा. हार नाही, नारळ नाही, निवृत्त होणाऱ्याच्या हातात ठेवतात ते भिंतीवरचं घड्याळही नाही. टर्की उतरल्या, आणि पुढची वीसेक वर्षं त्या लोखंडी सांगाड्याबाबत महानगरानं जे धोरण राबवलं ते आपल्याकडे घरोघर राबवलं जातं : असू दे वर, बघू पुढे.

आमच्या घरी माळ्यावर काय काय आहे हे कुणालाच धड सांगता येणार नाही. पितळी बंब आहे. भाता फाटलेली पेटी आहे. एका चाकाची तिचाकी आहे, आणि तिची उरलेली दोन चाकं दुसऱ्या कुठल्या तरी खोक्यात आहेत असं प्रत्येक जण शपथेवर सांगतो. दर दिवाळीला माळा काढायचा ठराव होतो आणि शेजाऱ्यांकडून शिडी येईपर्यंत तो बारगळतो. यातली एकही वस्तू कुणाच्या दूरदृष्टीमुळे टिकलेली नाही. ती उतरवण्याचा कंटाळा घरात सगळ्यांना सारखाच, म्हणून टिकली. न्यूयॉर्कच्या त्या मार्गाची, म्हणजे हाय लाइनची, आता जगप्रसिद्ध बाग झाली आहे आणि तिचं कौतुक करणारा मजकूर ढिगानं छापला जातो. त्यात दूरदृष्टीचा सत्कार पानोपानी असतो. कंटाळ्याच्या गळ्यात मात्र कुणी हार घालत नाही.

गाडी मुळात माळ्यावर चढली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे मालगाड्या सरळ रस्त्यावरून धावत. फाटक नाही, कुंपण नाही. भाजीवाले, घोडागाड्या, शाळेची पोरं आणि त्यांच्यामधून इंजिन. माणसं इतकी मेली की दहाव्या अव्हेन्यूचं नाव ‘डेथ अव्हेन्यू’ पडलं. त्यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. गाडीच्या पुढे एक घोडेस्वार ठेवला. दिवसा लाल झेंडी, रात्री लाल कंदील हलवत तो पुढे जायचा आणि मागून इंजिन फुसफुसत यायचं. घोड्याला विसावा मिळावा म्हणून माणसानं वाफेचं इंजिन शोधलं, आणि जगातल्या सगळ्यात आधुनिक म्हणवणाऱ्या शहरात तेच इंजिन घोड्याच्या मागे मागे चाललं. ‘वेस्ट साइड काउबॉय’ म्हणून ओळखले जाणारे हे स्वार थोडेथोडके टिकले नाहीत. त्यांच्यातला शेवटचा १९४१ मध्ये घोड्यावरून उतरला. तोवर तिकडे अणूचं विभाजनसुद्धा उरकलं होतं.

१९२९ मध्ये शहर, राज्य आणि रेल्वे कंपनी यांच्यात एकदाचा करार झाला. तेरा मैलांचा प्रकल्प, रस्ता आणि रूळ यांची १०५ छेदस्थानं रद्द, खर्च त्या काळचे १५ कोटी डॉलर. त्यातला उंचावरचा मार्ग १९३४ मध्ये सुरू झाला. तो रस्त्याच्या डोक्यावरून नेला असता तर खाली कायमचा काळोख झाला असता. म्हणून तो घरांच्या रांगेमधून नेला आणि काही ठिकाणी तर इमारतींच्या पोटातून. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर गाडी आत शिरायची, तिथेच माल उतरायचा, आणि ती पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडायची. नाबिस्कोच्या ज्या कारखान्यात ओरिओ बिस्किट जन्मलं, त्या कारखान्यातूनही ती अशीच जायची. आपल्याकडे गाडी घरावरून जाते तेव्हा कपातला चहा हिंदकळतो. इथे ती स्वयंपाकघरातूनच जात होती म्हणायची.

मग ट्रक आले. ट्रकला ना रूळ लागतात ना करार. मार्गाचा दक्षिणेकडचा तुकडा १९६० च्या दशकात पाडला गेला, पुढे १९९१ मध्ये आणखी थोडा गेला, आणि उरलेला उभा राहिला. का उभा राहिला? खालच्या जमिनींचे मालक वर्षानुवर्षं तो पाडा म्हणून मागे लागले होते. अडचण एवढीच, की पाडायचे पैसे कुणी द्यायचे? रेल्वे म्हणे आम्ही का, मालक म्हणत आम्ही का, शहर म्हणे आमचा काय संबंध. हे असं चालू असताना एखाद्या वस्तूच्या केसालाही धक्का लागत नाही.

या भांडणात १९८४ साली एका माणसानं वेगळाच डाव टाकला. पीटर ऑब्लेट्झ हा चेल्सी भागातला रहिवासी, आगगाड्यांवर जीव असलेला. त्यानं तो अख्खा मार्ग रेल्वे कंपनीकडून विकत घेतला, दहा डॉलरला. दहा डॉलरमध्ये तेव्हाही त्या शहरात दोन माणसांचं बरं जेवण होत नसणार. त्याला त्यावरून पुन्हा गाड्या चालवायच्या होत्या. मालक मंडळी कोर्टात गेली, काही वर्षं खटला चालला आणि तो हरला. १९९६ मध्ये तो गेला. बाग त्यानं पाहिली नाही. बागेच्या गोष्टीत त्याचं नाव एखाद्या वाक्यापुरतं येतं. माझ्या मते तो दोन वाक्यांचा तरी मानकरी आहे, कारण सगळे ‘पाडायचं कुणी’ यावर भांडत असताना ‘चालवायचं कुणी’ असा प्रश्न त्यानं एकट्यानं विचारला आणि त्यात बरीच वर्षं निघून गेली. कोर्टात गेलेली वर्षं वाया जातात असं आपण समजतो. गवताच्या दृष्टीनं ती अजिबात वाया गेली नाहीत.

कारण वर, कुणाचं लक्ष नसताना, झाडं आली होती. वाऱ्यानं आणलेलं बी, पक्ष्यांनी टाकलेलं बी, कधीकाळी डब्यांना चिकटून आलेलं बी. खडीत मूठभर धूळ साचली की त्यांचं भागतं. १९९९ मध्ये या मार्गाच्या भवितव्यावर एक सभा झाली. तिथे जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड हे दोन तरुण योगायोगानं शेजारी बसले. एकमेकांची ओळख नव्हती, स्थापत्य किंवा बागकाम यांतलं दोघांनाही कळत नव्हतं. दोघांचा समज असा की दुसरं कुणी तरी हे काम करणारच असेल, आपण थोडी मदत करू. दुसरं कुणीच नव्हतं. सभांना जाऊन मागच्या रांगेत बसणाऱ्यांनी हा धोका नीट ध्यानात घ्यावा.

त्यांनी संस्था काढली. जोएल स्टर्नफेल्ड या छायाचित्रकारानं २०००–०१ मध्ये चारही ऋतूंत वर जाऊन फोटो काढले : दोन्हीकडे विटांच्या इमारती, मध्ये माणूसभर गवतात बुडालेले रूळ. वाद घालून जे होत नव्हतं ते या फोटोंनी केलं. एवढं होऊनही महापौर रूडी जुलियानी यांनी २००१ च्या अखेरीस खुर्ची सोडता सोडता पाडकामाच्या कागदावर सही केलीच. नव्या महापौरांचा, मायकेल ब्लूमबर्ग यांचा, कल उलटा निघाला. २००३ मध्ये ‘इथे काय करावं’ म्हणून खुली स्पर्धा झाली तेव्हा ३६ देशांतून ७२० कल्पना आल्या. एकानं पूर्ण लांबीचा पोहण्याचा तलाव सुचवला, म्हणजे पोहत पोहत ऑफिसला जायचं. कुणी रोलर कोस्टर सुचवला. शेवटी निवड झाली ती सगळ्यात गरीब दिसणाऱ्या कल्पनेची. आहे तसंच, गवत आलंय तसंच, फक्त माणसाला चालता यावं. २००९ च्या जूनमध्ये पहिला टप्पा उघडला, २०११ मध्ये दुसरा, २०१४ मध्ये तिसरा. आज ती बाग सव्वादोन किलोमीटरहून थोडी लांब आहे.

माझी भाची जर्सी सिटीत राहते. नदीपलीकडे गेलं की न्यूयॉर्क. तिच्याकडे आम्ही म्हातारी मंडळी जमलेली असताना तिनं एका रविवारी आम्हाला तिथे नेलं : अक्का, दाजी आणि मी. दाजी मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, तेही पी-वेमधून, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी या खात्यातून. उमेदीची वर्षं दौंड-मनमाड पट्ट्यात ट्रॉलीवर बसून रूळ तपासण्यात गेलेली. अशा माणसाला या बागेत न्यावं की नाही याचा विचार आम्ही आधी करायला हवा होता.

जिना चढून वर गेलो. कडेला रूळ, रुळांत कमरेएवढं गवत, गवतात जांभळी फुलं, आणि त्यांच्यासमोर ओणवे होऊन फोटो काढणारी जगभरची माणसं. दाजी थबकले.

“हे काय?”

“बाग,” भाची म्हणाली.

“अगं, रुळात गवत आहे!”

“तीच तर गंमत आहे, बाबा.”

दाजींना गंमत वाटली नाही. रुळातल्या गवतासाठी त्यांनी आयुष्यात मेमो खाल्ले होते आणि दिलेही होते. गवत म्हणजे मुळं, मुळांत माती, खडीत माती बसली की पाणी निघत नाही, पाणी तुंबलं की स्लीपर हलतो, स्लीपर हलला की पुढचं दाजी झोपेतही सांगू शकतील. चाळीस माणसांची गँग लावून जे उपटून काढायचं त्याच्या पुढ्यात इथे पाटी, पाटीवर लॅटिन नाव, आणि ‘गवतात पाय ठेवू नका’ अशी विनंती. मग छत्री आडवी धरून त्यांनी दोन रुळांतलं अंतर मापलं आणि समाधानानं म्हणाले, “आपल्यापेक्षा बारीक.” ते खरंच आहे. त्यांचा मार्ग १४३५ मिलिमीटरचा, आपला १६७६. मायदेशाची बाजू वर राहिली म्हटल्यावर त्यांचा पारा थोडा उतरला.

मी त्यांना सांगितलं नाही ते असं, की हे गवत आपोआप आलेलं नाहीच. आपोआप आलेलं सगळं काढून टाकलं. रूळ एकेक क्रमांक घालून उचलले, खडी आणि माती काढली, लोखंडावरचा शिशाचा जुना रंग खरवडला, गळती थांबवली. त्यानंतर पीट आउडॉल्फ या डच उद्यानरचनाकाराला बोलावलं, आणि आपोआप उगवल्यासारखं दिसेल असं गवत हिशेबानं लावलं. काही रूळ होते तिथेच परत ठेवले. पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च १५ कोटी २० लाख डॉलर. १९२९ च्या करारातला तो तेरा मैलांचा अख्खा प्रकल्प १५ कोटींचा होता, हा आकडा मी दाजींपासून घरी येईपर्यंत लपवून ठेवला. डॉलर तेव्हाचा वेगळा, आताचा वेगळा, हे मलाही कळतं. तरी दुर्लक्षित दिसण्यासाठी एवढा खर्च येतो हे कळल्यावर आपल्या कित्येक सरकारी बागांची श्रीमंती एकदम डोळ्यांत भरते.

आउडॉल्फ यांच्याबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. फूल असतानाच झाड चांगलं दिसतं असं ते मानत नाहीत. वाळलेली काडी, रिकामं बोंड, बर्फात उभं तपकिरी गवत, हेही त्यांच्या बागेत हक्कानं असतं. म्हणून इथे हिवाळ्यात वाळलेलं काढत नाहीत. मार्चमध्ये माळी आणि स्वयंसेवक मिळून एकदम सगळं कापतात. अक्काला हे फार पटलं. पिकल्या पानाची कुणी तरी दखल घेतली म्हणून असेल. ती प्रत्येक वाफ्यापाशी वाकून बघत होती आणि “हे तर आपल्या माळावरचं कुसळ” असं म्हणून एकेका परदेशी गवताला नात्यात ओढत होती.

या बागेत कुत्री आणायची नाहीत, सायकल चालवायची नाही. चालायचं आणि बसायचं. जमिनीच्या काँक्रीटच्या पट्ट्याच मध्येच वर उचलल्या जातात आणि त्यांचा बाक होतो. एके ठिकाणी जुन्या गाड्यांसारखी चाकं लावलेल्या लाकडी आरामखुर्च्या आहेत. दाजींनी खाली वाकून चाक तपासल्याशिवाय तिच्यावर अंग टाकलं नाही. दहाव्या अव्हेन्यूवर तर पायऱ्यापायऱ्यांचं एक प्रेक्षागृह केलंय आणि समोर रंगमंचाच्या जागी जाडजूड काच. काचेतून खालच्या रस्त्यावरची वाहनं दिसतात. बस्स. तिथे तास-तासभर माणसं बसलेली असतात. जेसीबी खोदताना बघायला आपल्याकडे गर्दी जमते म्हणून आपण स्वतःलाच हसतो. इथे सिग्नलला थांबलेल्या टॅक्स्या बघायला लोक खंड ओलांडून येतात. ज्या रस्त्याला ‘डेथ अव्हेन्यू’ म्हणायचे तोच हा रस्ता. आता त्याच्याकडे आइस्क्रीम खात बघायचं.

गंमत दोन्ही बाजूंनी चालते. बाग उघडली आणि तिसऱ्या मजल्यावर निवांत राहणाऱ्यांच्या खिडकीसमोर रोज हजारो अनोळखी माणसं आली. एका बाईच्या घरात बागेचे दिवे थेट पडू लागले. तिनं तक्रार करत बसण्याऐवजी आपल्या फायर एस्केपच्या जिन्यावर गाण्याचे कार्यक्रम सुरू केले. प्रेक्षक आयते होते, प्रकाशयोजना पालिकेची. बागेच्या डोक्यावर दोन पाय फाकून उभं असलेलं एक हॉटेलही आहे. त्याच्या भल्या मोठ्या काचांमागे पाहुणे कपड्यांविना वावरतात अशी सुरुवातीच्या काळात वर्तमानपत्रांत चर्चा होती. “वर बघू नका,” एवढंच भाची म्हणाली, आणि आम्ही तिघांनीही एकदम वर पाहिलं. एक माणूस शर्टपँट घालून फोनवर बोलत होता.

हा शोध न्यूयॉर्कचा नव्हे, ही गोष्ट पॅरिसकर फारशी बोलून दाखवत नाहीत, यात त्यांचा मोठेपणा आहे. बास्तीय ते व्हान्सेन हा १८५९ चा रेल्वेमार्ग, रविवारी पॅरिसकरांना मार्न नदीकाठच्या नाचगाण्याच्या खानावळींकडे नेणारा, १९६९ मध्ये बंद झाला. स्थानक पाडून तिथे ऑपेरागृह उभं राहिलं. विटांच्या कमानींवर आणि पुढच्या मार्गावर १९९३ मध्ये बाग झाली, न्यूयॉर्कच्या सोळा वर्षं आधी. झाक व्हेर्जेली आणि फिलिप मात्यू यांनी ती आखली. खालच्या कमानींत कारागिरांची दुकानं आहेत : कुणी वाद्यं दुरुस्त करतं, कुणी भरतकाम, कुणी जुनं लाकूडकाम. वरून चालताना एक पोलिस ठाणं लागतं. त्याच्या वरच्या मजल्यांवर मायकेलअँजेलोच्या ‘मरणासन्न गुलामा’च्या प्रचंड प्रतिकृती ओळीनं उभ्या आहेत. पोलिस ठाण्याला इतकं प्रामाणिक शिल्प जगात दुसरीकडे नसेल.

त्या बागेला पुढे रने द्युमाँ यांचं नाव दिलं. हे शेतीतज्ज्ञ १९७४ मध्ये पर्यावरणाचा मुद्दा घेऊन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि दूरचित्रवाणीवर पाण्याचा पेला उचलून म्हणाले, हे पुढे महाग होणार आहे. दीड टक्काही मतं पडली नाहीत. पाणी महाग झालं आणि त्यांच्या नावाची बाग झाली. निवडणुकीत पडलेल्यांना एवढा चांगला पुनर्वसनाचा मार्ग आपल्याकडेही असता तर राज्यात किती हिरवळ झाली असती!

बाकीच्या नकलांबद्दल थोडक्यात. मँचेस्टरला १८९२ चा कासलफील्डचा लोखंडी पूल २०२२ मध्ये कुंड्यांनी सजला. शिकागोला २०१५ मध्ये सायकलसकट अशी वाट झाली. सोलमध्ये रेल्वे नव्हे तर १९७० चा मोटारींचा उड्डाणपूल होता, तो २०१७ मध्ये पादचाऱ्यांना दिला आणि त्यावर झाडं कोरियन वर्णमालेच्या क्रमानं लावली. हे मला फार भावलं. आपल्याकडे केलं तर अडुळशापासून सुरुवात होईल आणि ‘ण’पाशी समिती बसेल.

आता थोडं कडू. न्यूयॉर्कच्या ज्या जमीनमालकांनी हा सांगाडा पाडा म्हणून वीस वर्षं घसा कोरडा केला, ते अचानक बागप्रेमी कसे झाले? २००५ मध्ये शहरानं त्या भागाचे बांधकामाचे नियम बदलले. मार्गाखालच्या जागेवर जेवढं बांधता आलं असतं तेवढा हक्क मालकांनी जवळच्या दुसऱ्या प्लॉटवाल्याला विकावा, अशी सोय झाली. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. ‘टीडीआर’ हा शब्द आपल्याकडे पोरंसोरंही जाणतात. हक्क विकले गेले, मनोरे उठले, नामांकित वास्तुकारांची नावं पाट्यांवर लागली आणि बागेकडे तोंड असलेल्या खिडकीची किंमत आभाळाला भिडली. गॅरेजवाले, छोटे खानावळवाले निघून गेले. मार्गालगतच सरकारी घरांच्या दोन मोठ्या वसाहती आहेत. तिथली माणसं बागेत फारशी दिसेनात. २०१७ मध्ये हॅमंड यांनी स्वतःच उघड कबुली दिली की शेजारच्या लोकांसाठी आपण कमी पडलो. बाग कशी दिसावी हे विचारलं, तुम्हाला काय हवं हे विचारलं नाही. बागेच्या संस्थापकानं असं म्हणणं दुर्मीळ. फीत कापल्यानंतर आठ वर्षांनी का होईना, म्हटलं.

मुंबईत असं का होत नाही, हा प्रश्न अनिवासी मंडळी जेवणानंतर हमखास काढतात. उत्तर सोपं आहे. मुंबईत पोटमाळ्यावरही भाडेकरू असतो. वीस वर्षं रिकामा पडून राहील असा रूळ, पूल किंवा जिना आपल्याकडे आहे कुठे? १८६८ चा कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडेपर्यंत कामातच होता. म्हणून माटुंग्याच्या लोकांनी उलटं केलं : उड्डाणपुलावर गाड्या राहू दिल्या आणि पुलाखाली बाग केली. तिच्यातली चालायची वाट नर्मदेच्या पात्रासारखी वळणं घेत जाते. डोक्यावरून ट्रक गडगडत असतात आणि खाली आजोबा रोज अमरकंटक ते भडोच पायी करतात. मलबार हिलला २०२५ मध्ये झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी लाकडी पायवाट झाली. आपल्याला २५ रुपये तिकीट. छान आहे. पण ती नवीकोरी आहे, तिच्यावरून कधी टर्की गेलेल्या नाहीत.

पडून राहिलेला मार्ग शोधायचाच तर वऱ्हाडात जावं लागेल, असं दाजींचं म्हणणं. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला. अडीच फुटी रूळ, किलिक-निक्सन कंपनीची मालकी, कापसासाठी टाकलेला मार्ग, मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिथे राबलं. आता गाडी बंद आहे आणि रुळांवर झाडोरा आहे.

“मग तिथे बाग करावी का, दाजी?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ट्रॉलीसमोर आडवा पडलोय. “तिथल्या माणसांना गाडी पाहिजे. एसटीच्या निम्म्यात जायचे ते. बाग काय करायचीय? सगळं वावरच आहे की!”

हे मला कुठल्याही उद्यानतज्ज्ञाच्या लेखात वाचायला मिळालं नव्हतं. रूळ बंद पडला की तिथे बाग शोभते, पण ती त्या शहराला शोभते ज्याच्याकडे दुसऱ्या दहा गाड्या आहेत.

चौतिसाव्या रस्त्याजवळ बाग नदीच्या बाजूला मोठं वळण घेते. तिथला तुकडा बराचसा जुन्या अवस्थेत ठेवला आहे. रूळही जुने, गवतही आपलं आपण आलेलं. आणि वळणाच्या आत, खाली, चालू रेल्वेयार्ड आहे. लाँग आयलंडच्या लोकलगाड्या दुपारभर तिथे ओळीनं उभ्या असतात. सगळे लोक नदीकडे तोंड करून उभे होते. दाजी एकटे कठड्याला रेलून यार्डाकडे बघत होते. काटे मोजून झाले, सिग्नल ओळखून झाले, एक गाडी मागे घेत होते तिला यांनी वरून हातानं इशाराही केला.

तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी मी वाचून ठेवली होती. अमेरिकेत १९८३ पासून असा कायदा आहे की बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर पायवाट करता येते, पण मार्ग मोडीत काढला असं धरत नाहीत; पुढे लागला तर गाडीसाठी राखून ठेवलाय असं धरतात. हाय लाइनलाही २००५ मध्ये हीच परवानगी मिळाली.

“म्हणजे बाग तात्पुरती?”

“कागदोपत्री.”

“आणि रूळ कायम?”

“कागदोपत्री.”

दाजींचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला. त्यांनी छत्रीच्या टोकानं खडी उकरून पाहिली, मान हलवली आणि हिशेबाला लागले. एक चांगला मुकादम, चाळीस माणसं, आठ दिवसांचा ब्लॉक. स्लीपर निम्मे बदलावे लागतील, खडी चाळून परत टाकता येईल. “पण पहिलं हे गवत,” ते म्हणाले. “मुळासकट.”

“काढा हो, सगळं काढा,” अक्का वाफ्याच्या कडेनं वाकत म्हणाली, “पण थांबा जरा. मला आधी या जांभळ्याचं बी घेऊ द्या.”

“आई, तोडायचं नसतं इथलं! आणि विमानतळावर पकडतील तुला.”

“पडलेलंच घेतेय,” अक्का म्हणाली आणि रुमालाला गाठ मारली.